जाब कुणाला विचारायचा?
साखर कारखान्यांची बदलती मालकी आणि कामाची रीत : एक आढावा

पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी तालुक्यांतून पुढे सरकला आणि त्याच्या पाण्यामागोमाग ऊसही सरकला. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत ‘सागर’ नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज तो अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट म्हणून चालतो. घनसावंगी तालुक्यातच देवीदहेगावला समृद्धी शुगर्स हा खासगी कारखाना आहे. जालना शहराजवळच्या रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना कर्जात रुतला, राज्य सहकारी बँकेने तो लिलावात विकला, आणि त्या व्यवहाराच्या चौकशीत सक्तवसुली संचालनालयाने २०२२ मध्ये त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. एका सहकारी संस्थेकडून दुसऱ्या सहकारी संस्थेकडे गेलेला कारखाना, पहिल्यापासून खासगी असलेला कारखाना आणि लिलावाने सहकाराबाहेर पडलेला कारखाना असे मालकीचे तीन प्रकार एकाच जिल्ह्यात सापडतात.

मालक बदलला की नक्की काय बदलते, हा प्रश्न म्हणूनच तीर्थपुरीच्या परिसरात पुस्तकी नाही. गव्हाण तीच राहते, बॉयलर तोच राहतो, ऊसही त्याच शिवारातला असतो. तरीही दोन हंगामांत माणसे म्हणू लागतात, की कारखाना पहिल्यासारखा राहिला नाही. कुणी हे समाधानाने म्हणतो, कारण बिल वेळेवर मिळू लागलेले असते. कुणी हळहळून म्हणतो, कारण गट ऑफिसात त्याला ओळखणारे कुणी उरलेले नसते. या दोन्ही अनुभवांना एकत्र धरणारे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मालकी बदलली की सर्वांत आधी बदलते ती जाब विचारण्याची जागा. कामाची रीत, माणसांची वागणूक, मानमरातब, शिस्त हे सारे त्यामागून बदलत जाते. म्हणून नवा मालक सहकारी आहे की खासगी, एवढ्यावर थांबून चालत नाही. त्याला जाब कोण, कुठे आणि कसा विचारू शकतो, हे पाहावे लागते.

रीत म्हणजे काय

संस्थांच्या संस्कृतीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात तिचे तीन थर सांगितले. वरचा थर डोळ्यांना दिसणारा : इमारत, गणवेश, समारंभ. त्याखाली संस्था स्वतःबद्दल जे बोलते ते : धोरण, घोषवाक्ये. सगळ्यांत खाली न बोलता मान्य झालेली गृहीतके. नवा मालक पहिला थर एका महिन्यात बदलू शकतो आणि दुसरा एका बैठकीत. तिसरा थर मात्र वर्षानुवर्षे टिकतो किंवा कुणाच्या लक्षात न येता नाहीसा होतो.

साखर कारखान्यात हे थर सहज ओळखता येतात. मोळीपूजन, बॉयलरचे अग्निप्रदीपन, कमानीवरचे नाव हा पहिला थर. ‘शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना’ हे वाक्य दुसरा. तिसऱ्या थरात पुढच्यासारख्या गोष्टी येतात : लागवडीच्या तारखेप्रमाणे तोड मिळेल की फोनाफोनी करावी लागेल, तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय शेतकऱ्याच्या बांधावर येईल की शेतकऱ्याने त्याला हुडकत फिरायचे, काट्यावर शंका आली तर ती मोठ्याने बोलून दाखवता येईल की नाही, सभासदाच्या घरी लग्न असताना सवलतीची साखर मिळणे हा हक्क की मेहेरबानी, रात्रपाळीला मिल बंद पडली तर फिटर चूक कबूल करेल की लपवेल. कारखान्याची खरी संस्कृती इथे असते. हस्तांतराच्या करारात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नसतो.

सहकाराने घडवलेली रीत आणि तिला लागलेली कीड

महाराष्ट्रात साखरेच्या मालकीचा पहिला मोठा बदल खासगीकडून सहकाराकडे झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेलापूर कंपनी, वालचंदनगर, रावळगाव अशा कंपन्यांचे कारखाने होते आणि त्यांच्या ताब्यात हजारो एकर जमीन होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. पुढे १९६१ च्या जमीन कमाल धारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यातून शेती महामंडळ आले. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदाला एक मत दिले, मग त्याचा ऊस एक एकर असो की पन्नास.

या एका मताने गावाची मनोवृत्ती बदलली. कालपर्यंत कंपनीच्या साहेबासमोर उभा राहणारा कुणबी वार्षिक सर्वसाधारण सभेत चेअरमनला उभा करून उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेच्या प्रमाणाचा, हिशेब विचारू लागला. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये ग्रंथ लिहिला. निवडणूक, गटबाजी आणि विकास हे एकमेकांत कसे गुंतलेले असतात, ते त्यांनी त्यात दाखवले. डोनाल्ड अ‍ॅटवुड या अभ्यासकाने १९९२ च्या ग्रंथात या सहकाराच्या यशाचे श्रेय लहान आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या जुळलेल्या हिताला दिले. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायचा तर मोठ्यालाही छोट्याचा ऊस हवा असतो.

या चित्राची दुसरी बाजूही अभ्यासकांनी मांडली. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातली आकडेवारी तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे जमीनधारणेत विषमता जास्त, तिथे कारखान्याची सूत्रे मोठ्या शेतकऱ्यांकडे झुकतात. मग उसाचा दर मुद्दाम खाली ठेवला जातो आणि मागे राहिलेला पैसा या वर्गाच्या सोयीने वापरला जातो. म्हणजे मत समान असले तरी आवाज समान नव्हता.

हे आकड्यांतून सिद्ध व्हायच्या आधीच गावाला ठाऊक होते. गरजेपेक्षा जास्त नोकरभरती झाली, कारण प्रत्येक संचालकाला आपल्या गावची चार पोरे चिकटवायची होती. ठेवींच्या नावाने बिलातून कपात होत राहिली. सर्वसाधारण सभा अर्ध्या तासात ‘मंजूर, मंजूर’ म्हणून गुंडाळल्या जाऊ लागल्या. सरकारच्या थकहमीवर कर्जे काढली गेली आणि हमी देणाराच वसुलीत नरमला. याच कारखान्यांनी काढलेल्या शाळा-महाविद्यालयांनी आणि दवाखान्यांनी आडगावांची एक पिढी उभी केली, हेही तितकेच खरे. सहकाराचा गौरव करताना पहिली गोष्ट विसरायची नाही आणि त्यावर टीका करताना दुसरी.

हस्तांतराच्या वाटा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रवाह उलटा वाहू लागला. एकेकाळी जवळपास पूर्ण सहकारी असलेल्या या धंद्यात आज राज्यात दर हंगामात सुमारे दोनशे कारखाने चालतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खासगी असतात. इथवर येण्याच्या वाटा वेगवेगळ्या होत्या आणि प्रत्येक वाटेने रीत वेगळ्या तऱ्हेने बदलली.

पहिली वाट एका सहकारी संस्थेने दुसरा कारखाना चालवायला घेण्याची किंवा स्वतःत सामावून घेण्याची. तीर्थपुरीचा कारखाना या प्रकारचा. यात सहकाराची चौकट टिकते आणि मतही टिकते. मात्र संस्था मोठी होते आणि सत्तेचे केंद्र दुसऱ्या गावी जाते. अशा कारखान्यांत युनिटचा प्रमुख निर्णय घेणारा राहत नाही, निर्णय पोहोचवणारा होतो. साध्या बदलीसाठी, दुरुस्तीच्या मंजुरीसाठी, बिलाच्या तक्रारीसाठी मुख्यालयाचा रस्ता धरावा लागतो. उलट मोठ्या संस्थेची खरेदी, तांत्रिक माणसे, आसवनी आणि सहवीजनिर्मितीचे उत्पन्न यांचा आधार दुबळ्या युनिटला मिळतो. एकट्याने तग न धरणारा कारखाना असा चालू राहतो, आणि दुष्काळी पट्ट्यात कारखाना चालू राहणे हीच मोठी गोष्ट असते.

दुसरी वाट भाडेपट्ट्याची. सांगलीचा वसंतदादा कारखाना २०१७ मध्ये दत्त इंडिया या कंपनीने भाड्याने चालवायला घेतला. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीचा तेरणा कारखानाही दीर्घकाळ बंद राहून याच वाटेने पुन्हा सुरू करावा लागला. भाडेपट्ट्यात मालक सभासद असतात आणि चालवणारा दुसरा. बंद चिमणीतून धूर निघू लागला की सगळ्यांनाच बरे वाटते. पण भाडेकरू मुदतीपुरता विचार करतो. यंत्रांची मोठी डागडुजी पुढच्यावर ढकलायची, नव्या माणसांना कायम करायचे नाही, ऊस विकासावर खर्च करायचा नाही, याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. सभासदाने विचारले तर ‘ते संस्थेला विचारा’ आणि संस्थेला विचारले तर ‘ते कंपनीला विचारा’. इथे जाब विचारायला दोन दारे असतात आणि दोन्ही बंद असू शकतात.

तिसरी वाट लिलावाची. कर्ज थकले, बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतला आणि कारखाना विकला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा जरंडेश्वर कारखाना असा २०१० मध्ये ६५ कोटी ७५ लाखांना विकला गेला. त्या व्यवहाराचीही पुढे चौकशी झाली आणि २०२१ मध्ये टाच आली. कन्नडचा सहकारी कारखाना बारामती अ‍ॅग्रोने विकत घेतला, तोही व्यवहार चौकशीच्या फेऱ्यात आला. या व्यवहारांतले कायदेशीर बरेवाईट न्यायालये ठरवतील. आपल्या विषयापुरता मुद्दा असा, की लिलावात जमीन, यंत्रे आणि परवाना विकला जातो, पण पन्नास वर्षांत जमलेला विश्वास कुठल्याच यादीत नसतो. ज्या शेतकऱ्याने शेअरची रक्कम भरली, बिलातून ठेवी कापून दिल्या, त्याला एका सकाळी कळते, की आता आपण मालक नाही, पुरवठादार आहोत. त्याला झालेली जखम पैशांपेक्षा प्रतिष्ठेची जास्त असते.

चौथी वाट म्हणजे सुरुवातीपासूनच खासगी म्हणून उभे राहिलेले कारखाने. इथे हस्तांतर होत नाही, तरी शेजारच्या सहकारी कारखान्याची रीत त्यांच्यामुळे बदलते. पंधरा दिवसांत बिल देणारा एक खासगी कारखाना परिसरात आला, की तीन-तीन महिने बिल अडवणाऱ्या सहकारी कारखान्यालाही घड्याळ पाहावे लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज बांधून दिले होते. मात्र हा कायदा पाळला जाण्याला अनेक ठिकाणी स्पर्धेने गती दिली.

शेतकरी : आवाज आणि दुसरी वाट

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक सोपी गोष्ट नेमकी मांडली. संस्था बिघडली की तिच्याशी जोडलेल्या माणसासमोर दोन मार्ग असतात : आवाज उठवायचा किंवा सोडून जायचे. सहकार आवाजावर उभा आहे आणि खासगी धंदा सोडून जाण्याच्या भीतीवर. सहकारी कारखान्याचा सभासद सभेत, निवडणुकीत, आंदोलनात बोलू शकतो. खासगी कारखान्याला ऊस घालणाऱ्याला सभा नाही, मतही नाही. त्याच्या हातात एवढेच, की पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडे घालायचा.

एकाच तालुक्यात सहकारी युनिट आणि खासगी कारखाना दोन्ही असल्यामुळे घनसावंगीच्या शेतकऱ्याजवळ कागदोपत्री हे दोन्ही मार्ग आहेत. प्रत्यक्षात मात्र दुसरा मार्ग पावसावर अवलंबून असतो. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात विक्रमी ऊस झाला आणि सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली. मराठवाड्यात आणि विशेषतः जालना, बीड भागात मे-जूनपर्यंत ऊस शेतात उभा राहिला. शेवटी सरकारला लांबच्या वाहतुकीसाठी टनाला प्रति किलोमीटर पाच रुपये आणि उतारा घटीसाठी टनाला दोनशे रुपये अनुदान जाहीर करावे लागले. त्या वर्षी ‘दुसरीकडे घालतो’ म्हणणारा शेतकरी कुठे जाणार होता? प्रत्येक गव्हाणीवर गाड्यांची रांग होती. तोड मिळवण्यासाठी शेतकरी मजूर-टोळ्यांना वरकड पैसे देत होते, आणि ते देण्यात सहकारी-खासगी असा भेद उरला नव्हता.

तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, ऊस कमी पडला आणि राज्याचे साखर उत्पादन ८१ लाख टनांच्या आसपास आले. मग तेच कारखाने शेतकऱ्याच्या बांधावर आले. या दोन हंगामांची तुलना मालकीच्या चर्चेत फार मोलाची आहे. बाजारातला जाब ऊस कमी असेल तेव्हाच चालतो. मुबलक उसाच्या वर्षी शेतकऱ्याला वाचवणारी गोष्ट एकच : नोंदीची तारीख, तोडीचा क्रम आणि ते मोडले तर विचारण्याचा हक्क. सहकारात हा हक्क तत्त्वतः आहे, खासगीत तो मुद्दाम निर्माण करावा लागेल.

कायद्याने काही हक्क दोन्हीकडे सारखे केले आहेत, हे इथे नोंदले पाहिजे. २००९ पासून उसाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू झाली. २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थांच्या महसुलातला सत्तर टक्के वाटा उसाला देण्याची शिफारस केली आणि २०१३ च्या राज्य कायद्याने ऊस दर नियंत्रण मंडळ आले. एफआरपीचे हप्ते पाडण्याचा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. ही याचिका शेतकरी नेते राजू शेट्टी यांची होती. म्हणजे मालकी कुणाचीही असो, किमान दराचा जाब आता न्यायालयात विचारता येतो. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा मध्यम कारखाना दीडशे दिवस चालला, तर पावणेचार लाख टन ऊस गाळतो. त्यापोटी शंभर कोटी रुपयांच्या घरात रक्कम परिसरात वाटली जाते. ही रक्कम चौदा दिवसांत आली की नाही, यावर गावची कापडाची, खताची, सोन्याची दुकाने आणि मुलींची लग्ने ठरतात.

कामगार : ओळखीकडून कराराकडे

कारखान्यातल्या कामगाराचा अनुभव शेतकऱ्याच्या उलट असतो. त्याच्याकडे दुसरी वाट जवळजवळ नसते. साखर शिजवणाऱ्या पॅनवर किंवा ती वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलवर वीस वर्षे काढलेल्या माणसाचे कौशल्य त्याच धंद्यापुरते असते आणि घर कारखान्याच्या कॉलनीत असते.

जुन्या सहकारी कारखान्यात कायम कामगार, हंगामी कामगार, बंद काळातला रिटेन्शन भत्ता आणि दर काही वर्षांनी त्रिपक्षीय समितीतून ठरणारी पगारवाढ अशी एक स्थिर व्यवस्था होती. तिच्यात सैलपणा होता आणि वशिलाही होता. पण त्याबरोबर एक गोष्ट होती : कामगार आणि ऊस उत्पादक अनेकदा एकाच घरातले असत. काट्यावर बसलेल्या माणसाला रात्री त्याच गावात परतायचे असे. त्यामुळे फसवणुकीला एक नैसर्गिक आवर होता.

खासगी किंवा भाडेकरू व्यवस्थापन आले, की माणसे कमी होतात, कंत्राटी वाढतात आणि हजेरी यंत्रावर जाते. उत्पादकता वाढते, वाया जाणारी साखर कमी होते, मिल बंद पडण्याचे तास घटतात. हे फायदे खरे आहेत. मात्र याबरोबर कामगार चुका लपवू लागतो, कारण कंत्राटी माणसाची चूक म्हणजे पुढच्या हंगामाची नोकरी. जुना फिटर निघून जातो आणि कोणत्या पंपाचा आवाज बदलला की तो बिघडणार, हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. नव्या मालकाला याची किंमत दोन-तीन हंगामांनी कळते.

कायदा इथेही गप्प नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५ एफएफप्रमाणे उपक्रम दुसऱ्याच्या हाती गेला, तर कामगाराची सेवा खंड न पडता आणि पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर चालू राहायला हवी होती, नाहीतर त्याला भरपाई मिळायला हवी होती. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याने थकबाकीला अग्रक्रम दिला आणि हस्तांतरात जुन्या-नव्या मालकांना एकत्रितपणे जबाबदार धरले. अडचण अंमलबजावणीत आहे. लिलावातला खरेदीदार ‘आहे त्या स्थितीत’ मालमत्ता घेतो, बँक आपले कर्ज वसूल करते आणि मधल्या मध्ये कामगारांचे थकलेले पगार, ग्रॅच्युइटी यांचे दावे न्यायालयात वर्षानुवर्षे फिरतात. ज्या कारखान्याची नवी सुरुवात जुन्या कामगारांच्या थकबाकीवर होते, तिथे नवी माणसेही पहिल्या दिवशी एक धडा शिकतात : इथे दिलेला शब्द पाळला जाईलच असे नाही.

जिथे मालक बदलून काहीच बदलत नाही

या सगळ्या चर्चेतून एक वर्ग निसटतो. बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडतात. कारखाना सहकारी असो की खासगी, त्यांचा संबंध मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी येतो. आगाऊ रकमेची उचल मुकादम देतो, हिशेब मुकादम ठेवतो, फिटली नाही तर पुढच्या वर्षी मुकादमच नेतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. मालकी बदलल्याने त्यांच्या कोपीत पाणी येत नाही, पाळणाघर येत नाही, बाळंतपणाची रजा येत नाही. टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून घेऊन चालणारे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ ही या दिशेने झालेली सुरुवात आहे.

मालकीचा परिणाम समजून घ्यायला हा वर्ग सर्वांत महत्त्वाचा आहे. सहकाराच्या सोनेरी काळातही त्याला जाब विचारण्याची जागा नव्हती आणि खासगीकरणानंतरही नाही. म्हणून त्याच्या वाट्याची रीत तशीच राहिली. जाबाची जागा हलली नाही, तर मालकाच्या नावातला बदल खालपर्यंत झिरपत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

साखरेबाहेरचे अनुभव

हेच सूत्र इतर धंद्यांतही लागू पडते. साताऱ्याची १९३६ ची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. मराठवाड्याच्या परिचयाची स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. ठेवी सुरक्षित राहिल्या, सेवा आधुनिक झाल्या. पण कर्ज मंजुरीचे अधिकार शाखेपासून जितके दूर जातात, तितकी शेतकऱ्याच्या घराण्याची आणि जमिनीची माहिती असलेल्या व्यवस्थापकाच्या शब्दाची किंमत घटते. निर्णय मग कागदावर होतो. कागद वशिला ओळखत नाही हा त्याचा गुण, आणि माणूसही ओळखत नाही हा दोष.

जालन्यातच १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाच्या मोबदल्याचा मोठा वाटा आला. ती किंमत कमी करण्यासाठी २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारला मक्तेदारी आयोगापुढे जावे लागले. सोळाशे रुपयांच्या आसपासचे पाकीट त्यानंतर साडेसातशेवर आले. म्हणजे किमतीचा जाब कंपनीच्या दारात नव्हे, आयोगापुढे विचारावा लागला.

चांगली उदाहरणेही आहेत. १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनमध्ये जपानच्या कोकुयोने २०११ मध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. पण जुने नाव ठेवले आणि दांडेकर कुटुंबालाही नेतृत्वात राहू दिले. रोज भेटणारी माणसे तीच राहिली की बदल पचायला अवधी मिळतो. याच्या उलट टोकाला मुंबईतल्या कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कंपनीचे उदाहरण आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ती कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. सुरुवातीला कामगारांनी ती जिद्दीने चालवली, पुढे भांडवल आणि व्यवस्थापनाच्या प्रश्नांनी ती अडखळली. कामगार मालक झाला म्हणून शिस्तीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. सहकाऱ्याला जाब विचारणे साहेबाला विचारण्यापेक्षा अवघड असते, हा कमानीचा धडा साखर सहकारालाही लागू आहे.

पुढे काय

या आढाव्यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. सहकारी मालकी आपोआप लोकाभिमुख नसते आणि खासगी मालकी आपोआप कार्यक्षम नसते. जिथे शेतकरी, कामगार आणि मजूर यांना नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळेत उत्तर मिळते, तिथे रीत चांगली राहते. म्हणून हस्तांतराच्या वेळीच काही गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे भाडेपट्टा, विक्री किंवा विलीनीकरणाचा मसुदा मराठीत, गट ऑफिसच्या फलकावर लागला पाहिजे आणि सभेत तो वाचून दाखवल्याशिवाय ठराव होता कामा नये. दुसरी, विक्रीच्या रकमेतून कामगारांचे थकीत पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी आधी वेगळ्या खात्यात जावी, मग बँकेचे कर्ज फिटावे. तिसरी, प्रत्येक गावाचा तोडणी कार्यक्रम लागवडीच्या तारखेनुसार जाहीर व्हावा आणि तो मोडला तर लेखी कारण मिळावे, मग कारखाना कुणाचाही असो. चौथी, खासगी कारखान्यांनाही नोंदणीकृत ऊस उत्पादकांची निवडून आलेली समिती ठेवणे बंधनकारक व्हावे आणि तिला काटा, उतारा आणि बिल तपासण्याचा अधिकार असावा. पाचवी, ऊसतोड मजुराचे नाव, करार आणि बँक खाते कारखान्याच्या दफ्तरात यावे, मुकादमाच्या वहीत नव्हे.

यातली एकही मागणी कारखान्याला तोट्यात नेणारी नाही. उलट ज्या कारखान्यावर शिवाराचा विश्वास असतो, त्याला टंचाईच्या वर्षी ऊस शोधत फिरावे लागत नाही. तीर्थपुरीच्या परिसरातल्या माणसाने गेल्या तीस वर्षांत दुष्काळ पाहिला, ऊस शेतात वाळताना पाहिला, कारखाने उभे राहताना आणि हात बदलताना पाहिले. त्याला कोणता मालक हवा, हे तो मतदानातून आणि उसाच्या गाडीतून सांगतच राहील. समाज म्हणून आणि सरकार म्हणून आपले काम एवढे आहे, की मालक कोणीही आला, तरी प्रश्न विचारण्याची जागा त्याच्या हातून जाऊ द्यायची नाही. ती गेली, तर कारखाना कुणाच्याही नावावर असला, तरी तो शेतकऱ्याचा राहत नाही.